सावरलेल्या माणसाचं काम

1936च्या सुमारास न्यू यॉर्कमधल्या टाउन्स हॉस्पिटलचे मालक चार्ल्स टाउन्स यांनी बिल विल्सनला नोकरी देऊ केली. विल्सन त्याच हॉस्पिटलात दारू सोडण्यासाठी वारंवार दाखल झालेला रुग्ण. डिसेंबर 1934नंतर मात्र त्यानं दारूला हात लावला नव्हता, आणि इतर पिणाऱ्यांशी तो ज्या तऱ्हेनं बोलायचा त्याचा गुण येताना टाउन्सना दिसत होता. बसायला खोली, पगार, शिवाय नफ्यात वाटा. विल्सनच्या घरी तेव्हा पत्नी लोइस दुकानात नोकरी करून संसार ओढत होती. त्या संध्याकाळी ब्रुकलिनच्या घरी जमलेल्या, त्याच्यासारख्याच दारू सोडू पाहणाऱ्या सोबत्यांना त्यानं ही आनंदाची बातमी सांगितली. सोबत्यांनी ती नोकरी नाकारायला लावली. आपल्यातलाच एक जण पैसे घेऊन हे करू लागला, तर आपल्यातलं जे काही टिकून आहे ते टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. विल्सननं ऐकलं.

व्यसनातून बाहेर आलेल्यानं दुसऱ्याला बाहेर यायला हात द्यायचा, या कामाचा माग काढताना मी या प्रसंगापाशी दर वेळी अडतो. सोबत्यांची भीती खरी होती, पण लोइसची ओढाताणही खरीच होती. एरवी हा इतिहास अनुभवाला हळूहळू प्रतिष्ठा कशी मिळाली याची गोष्ट म्हणून सांगतात. प्रतिष्ठा अनेकदा मिळाली. दुसऱ्याला सावरणाऱ्या या माणसाला कुणी सांभाळायचं, हे मात्र लोकांना फार उशिरा सुचलं.

कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात ज्यां-बाप्तिस्त प्युसाँ हे मनोरुग्णांच्या विभागाचे कारभारी होते. ते स्वतः तिथे रुग्ण म्हणून आलेले. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच ते सेवक म्हणून ठेवत, कारण असे सेवक रुग्णांना मारत नाहीत, हा त्यांचा अनुभव. डॉक्टर फिलिप पिनेल यांनी ही रीत पाहिली आणि तिची वाखाणणी केली.

दारूच्या बाबतीत ठळक तारीख एप्रिल 1840ची. बाल्टिमोरमधल्या चेजच्या गुत्त्यात नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि संस्थेला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं. प्रत्येकानं बैठकीला आणखी एक पिणारा आणायचा आणि उभं राहून स्वतःची कहाणी सांगायची, एवढीच पद्धत. जॉन हॉकिन्स नावाचा टोपी बनवणारा कारागीर या बैठकांतूनच फर्डा वक्ता झाला. 22 फेब्रुवारी 1842 रोजी स्प्रिंगफिल्डमध्ये तरुण वकील अब्राहम लिंकन या चळवळीसमोर बोलले. धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक जिथे हरले तिथे हे लोक का जिंकतात, याचं उत्तर त्यांनी आपुलकीत शोधलं. पिणाऱ्याला तुच्छ लेखणाऱ्याचं पिणारा ऐकत नाही, हे लिंकनना चांगलं कळलेलं होतं.

पण हीच चळवळ दहा वर्षांत विरून गेली. कारणं बरीच होती. मला त्यातलं एक फार बोलकं वाटतं. जॉन गफ हा बुकबाइंडर 1842मध्ये दारू सोडून व्यासपीठांवर बोलू लागला आणि देशभर गाजला. 1845मध्ये न्यू यॉर्कमध्ये तो पुन्हा प्याला आणि वर्तमानपत्रांनी त्याची लक्तरं टांगली. आज आपल्याकडे जिला 'स्लिप' म्हणतात, ती त्यानं भर बाजारात सोसली. पुढे तो पुन्हा उभा राहिला आणि 1886मध्ये मरेपर्यंत बोलत राहिला. पण गावोगाव फिरणाऱ्या, रोज रात्री परक्या श्रोत्यांपुढे स्वतःची जखम उघडी करणाऱ्या त्या माणसाला मधल्या काळात कुणी नीट विचारलं असेल का?

बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये 1906पासून डॉक्टर आणि धर्मगुरू मिळून मानसिक उपचार करत. तिथे बरा झालेला कोर्टनी बेलर हा विमा एजंट पुढे तिथेच मद्यपींसोबत काम करू लागला. पगार घेऊन हे काम करणाऱ्या पहिल्या लोकांत त्याची गणना होते. मग 1935. ओहायोमधल्या अॅक्रनला धंद्यासाठी गेलेला विल्सन तोंडघशी पडला आणि हॉटेलात एकटा असताना त्याला पुन्हा प्यावंसं वाटू लागलं. स्वतःची दारू टाळण्यासाठी त्यानं बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो सापडला डॉक्टर बॉब स्मिथच्या रूपानं. 10 जून 1935 ही अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात मानतात. मदत करणारा आधी स्वतःसाठी आला होता, हे या कामाचं मूळ आहे आणि त्यातला धोकाही तोच.

ब्रुकलिनच्या त्या नकाराला पुढे नियमाचं रूप आलं: सोबत विनामूल्य. 1950मध्ये परंपरा म्हणून तो स्वीकारला गेला. त्यानंतर चारच वर्षांनी मिनेसोटा राज्यानं नेमकं उलट केलं. विलमार सरकारी रुग्णालयाचे डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि डॅनियल अँडरसन यांच्या खटपटीनं 1954मध्ये मद्यासक्तीच्या समुपदेशकाचं सरकारी पद निर्माण झालं, आणि दारूशिवाय काढलेली वर्षं ही पात्रता ठरली. सरकारी दप्तरात या माणसांना जागा मिळाली. मद्यासक्तीच्या उपचारांना सरकारी निधी देणाऱ्या 1970च्या ह्यूज कायद्यानंतर पैसा आला, केंद्रं वाढली, प्रमाणपत्रं आली, आणि हळूहळू पदवीवाले पुढे व अनुभववाले मागे पडले.

त्याच काळात कॅलिफोर्नियात दुसऱ्या टोकाची चूक घडली. 1958मध्ये चार्ल्स डेडरिक यांनी सुरू केलेलं सिनानॉन पूर्णपणे व्यसनमुक्तांनीच चालवलेलं होतं. त्यांना विचारणारं बाहेरचं कुणीच नव्हतं. हा उपचारसमूह पुढे हिंसक पंथ झाला. 1978मध्ये त्याच्या माणसांनी एका वकिलाच्या पत्रपेटीत जिवंत विषारी साप ठेवला.

म्हणून मला 2007चं एक रुक्ष अमेरिकी सरकारी पत्र महत्त्वाचं वाटतं. गरिबांच्या आरोग्य योजनेतून अशा सोबतीचे पैसे जॉर्जिया राज्यानं 1999पासून द्यायला सुरुवात केली होती. आता केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना कळवलं: द्या, पण तीन अटींवर. देखरेख, उपचारांशी समन्वय, प्रशिक्षण. देखरेख त्यात पहिली आहे. त्याच्या वर्षभर आधी इतिहासकार विल्यम व्हाइट यांनी फिलाडेल्फियासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत या कार्यकर्त्याच्या सीमा आखून दिल्या होत्या: तो स्पॉन्सर (अल्कोहोलिक्स अनॉनिमसमधला मार्गदर्शक सोबती) नाही, समुपदेशक नाही, डॉक्टर नाही, धर्मगुरू नाही. 2023च्या अमेरिकी नमुना मानकांत 40 ते 60 तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे.

एवढ्या तासांत शिकवायचं काय? पहिलं म्हणजे गप्प बसणं. आपली कहाणी समोरच्याचं औषध होतेच असं नाही. उसने पैसे देऊ नयेत. आत्महत्येचं बोलणं मनात ठेवू नये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. तिथे धीराचे शब्द पुरत नाहीत, दवाखाना गाठायला हवा. आणि आपल्याला ओढ लागली तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असावं.

भारतात अल्कोहोलिक्स अनॉनिमसची साखळी दिल्लीत 1957मध्ये पोचली. 1981मध्ये फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं. स्वतःच्या दारूशी झगडलेले फादर बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य होते, त्यामुळे तिथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं आली. 29 ऑगस्ट 1986ला पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभं केलं. गर्दच्या व्यसनावरचं अवचटांचं लेखन वाचून पु. ल. देशपांडे यांनी पाठबळ दिलं होतं. तिथून बाहेर पडलेले कित्येक जण तिथेच समुपदेशक झाले, फॉलोअपच्या गटांत बसू लागले. हे केंद्र पुढे पश्चिम भारतातल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण केंद्रही झालं. पुण्यात हे काम कागदावरच्या अटीपेक्षा माणसांच्या ओढीनं उभं राहिलं, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. अनिता अवचट 1997मध्ये कर्करोगानं गेल्या तरी ते थांबलं नाही.

2019च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. ही दरी डॉक्टर एकटे भरू शकत नाहीत. अनुदानित केंद्रांमध्ये व्यसनमुक्त माणसासाठी 'पीअर एज्युकेटर'चं पद आहे. त्या पदावरच्या तरुणाला आठवड्याला एक तास कुणी तरी समोर बसवून विचारायला हवं: गेल्या सात दिवसांत तुझी झोप किती झाली, कुणाची कहाणी ऐकून घशाला कोरड पडली, आणि नंतर तू कुणाशी बोललास? या तासाची तरतूद अनुदानात वेगळी असली पाहिजे, आणि स्लिप झाली तर उपचार घेऊन कामावर परत येण्याची सोय त्याच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलेली असली पाहिजे.