कुत्र्याने गिळलेले बटण

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या राजाने सकाळी पोळीला तोंड लावले नाही. संध्याकाळपर्यंत त्याला दोन उलट्या झाल्या. पशुवैद्यांनी पोट चाचपून पाहिले आणि क्ष-किरणांचा फोटो काढला. त्यात पाठीचा कणा आणि बरगड्या स्वच्छ दिसत होत्या, आतड्यांत थोडी हवा होती. बाकी काही नाही. “घरातली एखादी वस्तू नाहीशी झाली आहे का?” असे डॉक्टरांनी तीनदा विचारले. तिन्ही वेळा आम्ही “नाही” म्हणालो आणि फोटो चांगला आला म्हणून निश्चिंत मनाने घरी परतलो. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणे हे माझे रोजचे काम आहे. तरीही फोटोत दिसत नाही म्हणजे पोटात काही नाही, असे मीही धरून चाललो, याची आजही लाज वाटते.

कारण क्ष-किरणांना पोटातले काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न या किरणांइतकाच जुना आहे. त्याच्या इतिहासातही एक कुत्रा आहे.

नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. पुढच्या काही महिन्यांतच डॉक्टर मंडळी हाताची मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या व सुया यांचे फोटो काढू लागली. पण जठर आणि आतडी दिसेनात. या अवयवांची सावली आजूबाजूच्या मांसासारखीच पडते.

अमेरिकेत बॉस्टन येथे हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात हेन्री बोडिच हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. घास अन्ननलिकेतून खाली कसा जातो, यावर त्या काळी वाद होता. क्रोनेकर आणि मेल्ट्झर यांचे म्हणणे असे की, तोंडाचे व घशाचे स्नायूच पातळ घास पिचकारीसारखा खाली फेकतात. अन्ननलिकेचे आकुंचन मागाहून होते. नव्या किरणांनी हे प्रत्यक्ष पाहता येईल, असे बोडिच यांनी दोन विद्यार्थ्यांना सुचवले. वॉल्टर कॅनन आणि आल्बर्ट मोझर ही त्यांची नावे. कॅनन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. डिसेंबर १८९६ मध्ये या दोघांनी एका कुत्र्याला शिंपल्याचे बटण गिळायला दिले. अंधाऱ्या खोलीतल्या चमकत्या पडद्यावर त्या बटणाचा काळा ठिपका अन्ननलिकेतून खाली सरकताना त्यांना दिसला.

बटण शिंपल्याचे होते, म्हणजे बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेटचे. सारख्या वस्तुमानाचे पदार्थ घेतले तर, अशा तपासणीच्या क्ष-किरणांचे शोषण साधारणपणे अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, ऑक्सिजनचा ८ आणि कार्बनचा ६. २० ला ८ ने भागून घन केला तर उत्तर सुमारे १६ येते. हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. हाडे का दिसतात आणि मांस का दिसत नाही, हे मुलांना दोन मिनिटांत कळते. आपल्या शर्टाला असते तसले प्लॅस्टिकचे बटण त्या दिवशी वापरले असते, तर पडद्यावर फारसे काही उमटले नसते.

बटण दिसले, पण जठराला पोळी हवी, बटण नव्हे. म्हणून अन्नातच जड मूलद्रव्याचे संयुग मिसळायची युक्ती या दोघांनी वापरली. ते संयुग म्हणजे बिस्मथ सबनायट्रेट. बिस्मथचा अणुक्रमांक ८३. लांब मानेच्या हंसाला आणि नंतर मांजरांना असे अन्न देऊन कॅननने जठराच्या क्रमसंकोचाच्या लाटा तासन्‌तास पाहिल्या. यापूर्वी त्या पाहायच्या तर प्राण्याला भूल देऊन पोट उघडावे लागे, आणि तेवढ्यानेच जठराच्या हालचाली बिघडत.

याच निरीक्षणांत एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. मांजर घाबरले किंवा चिडले की लाटा थांबत. गोंजारून शांत केले की त्या पुन्हा सुरू होत. दुसऱ्या कोणी ही प्रयोगातली कटकट म्हणून सोडून दिली असती. कॅननने तोच धागा धरला, आणि भीती व राग यांचे शरीरावर होणारे परिणाम हा त्याच्या आयुष्याचा विषय झाला. शरीराची समस्थिती ही कल्पना त्यानेच पुढे मांडली. या कामाची किंमतही त्याला द्यावी लागली. पुढे त्याला त्वचेचे चिवट दुखणे जडले. सुरुवातीच्या वर्षांत अंगावर घेतलेले क्ष-किरण त्याला कारणीभूत झाले असे मानले जाते. १९४५ मध्ये तो वारला.

बिस्मथच्या त्या संयुगाने काही रुग्णांना विषबाधा झाली, तेव्हा १९१० च्या सुमारास त्याच्या जागी बेरियम सल्फेट आले. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात; सल्फेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते पोटातून तसेच बाहेर पडते.

आमच्या राजालाही शेवटी बेरियमच पाजावे लागले. तिसऱ्या दिवशी आमच्या मुलीने रडत सांगितले, की खेळताना तिने मोजा फेकला आणि राजाने तो गिळला. आपल्याला रागावतील म्हणून ती गप्प राहिली होती. दोन दिवस तिच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. आम्हाला वाटले, कुत्र्याची काळजी. मोजा सुती, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ओल्या आतड्यात ओला मोजा पहिल्या फोटोत वेगळा दिसणार कसा? नव्या फोटोत बेरियमचा पांढरा प्रवाह एका जागी येऊन अडला होता. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. राजा वाचला.

कुत्र्याने काही गिळल्याची शंका आली, तर काय व केव्हा गिळले ते पशुवैद्यांना नेमके सांगावे, आणि तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर ती सोबत न्यावी. घरातल्या मुलांनाही विचारावे, पण न रागावता. कापड किंवा प्लॅस्टिक असेल तर बहुधा सोनोग्राफी लागते. वस्तू जठरातच असेल तर पुष्कळदा दुर्बिणीने काढता येते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. जास्त मिठाने कुत्रा दगावू शकतो. टोकदार वस्तू उलटीबरोबर वर येताना अन्ननलिका फाडते. घड्याळातला बटण-सेल अडकला तर काही तासांतच तिथे भाजल्यासारखी जखम होते, म्हणून त्या वेळी थांबूच नये. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये. दुसरे टोक आत अडकले असेल तर ताणलेला दोरा आतडे कापतो. आणि फोटो स्वच्छ आला, तरी कुत्रा खात नसेल व उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी त्याला परत दाखवावे.