बोटखतातला खापरपणजा

कोकणातल्या घराण्यांचा इतिहास म्हटला की चित्पावनांचे जाडजूड कुलवृत्तांत आठवतात. पण चिपळूण तालुक्यातल्या एखाद्या कुणबी मुलाने ‘माझा खापरपणजा कोण?’ असे विचारले, तर त्याला दाखवायला असा ग्रंथ सहसा नसतो. मात्र कागद असतो, आणि तो साऱ्याच्या हिशेबापायी तयार झालेला असतो.

खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून वसूल करी. किती घ्यायचे यावरून तंटे होत. 1880 च्या खोती कायद्यानुसार कुळांचे हक्क व देणे लिहिले गेले. हीच बोटखते. त्यांत खोताच्या जोडीने धारेकरी, दुपटकरी, कुळे यांचीही नावे सापडतात.

आयर्लंडमध्ये असेच घडले. 1922 च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला आणि जुन्या शिरगणतीचे बहुतेक कागद गेले. म्हणून तेथील लोक 1847 ते 1864 मधल्या जमीन-आकारणीच्या याद्या आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळतात. त्या याद्यांतही जमीनदारासमोर कुळाचे नाव असते. चर्चच्या वहीचे काम आपल्याकडे थोडेफार त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या करतात. पण यात्रेला जाण्याची ऐपत असलेल्यांपुरतेच.

शोध आजच्या सातबाऱ्यापासून सुरू करावा. तेथून फेरफारांच्या आधाराने एकेक पिढी मागे जावे. मोडी कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव पुष्कळदा नसतेच. त्यातून नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत! गोविंद बिन राघो, मग राघो बिन गोविंद, पुन्हा गोविंद बिन राघो. साल न पाहता नावे जुळवली तर आजोबा आणि नातू एकच होऊन बसतात.

बायकांची नावे बहुधा वारसनोंदीत, नवरा वारल्यावरच येतात. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, ते या कागदांत जवळजवळ नाहीतच. त्यांच्यासाठी आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते शाळेचे जुने जनरल रजिस्टर. इतर मागासवर्गीय दाखल्याच्या पडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा आजोबांच्या शाळाप्रवेशाची एक ओळ नातवाच्या शिक्षणाचा प्रश्न सोडवते. हे रजिस्टर आपल्याच ऑफिसच्या कपाटात असते. वाशिष्ठीने 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडवले, त्यानंतर तरी ते खालच्या फळीवर ठेवू नये.