तक्रार निकाली? कारण सांगा!

तक्रार "निकाली काढली" असा मेसेज येतो आणि काम जागच्या जागीच असतं, हे आता आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करताना मी अशा बऱ्याच तक्रारवह्या चाळल्या. म्हणून आज एका वेगळ्या तक्रारवहीचा इतिहास सांगतो. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण मुद्दा आपलाच आहे.

लिनक्स ही फुकट आणि खुली प्रणाली. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं ती सुरू केली. 1997 मध्ये तिच्यासाठी ग्नोम नावाचा डेस्कटॉप बनायला लागला. त्यात फोल्डर उघडून फाइली दाखवणारा प्रोग्राम हवा होता. तो ईझेल या अमेरिकी कंपनीनं बनवला, नाव नॉटिलस. अ‍ॅपलच्या पहिल्या मॅकिंटॉशवर काम केलेले अँडी हर्ट्‌झफेल्ड त्या कंपनीत होते. मार्च 2001 मध्ये नॉटिलसची पहिली आवृत्ती आली आणि मे महिन्यात कंपनीच बंद पडली.

आता ठेकेदारच पळाला म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करायची? पण कोड खुला होता. ग्नोमच्या लोकांनी तो पुढे चालवला. आज त्याला नुसतं "फाइल्स" म्हणतात.

हे जमलं त्यामागे उघडी तक्रारवही आहे. 1998 साली मोझिला प्रकल्पानं बगझिला ही प्रणाली खुली केली, ग्नोमनंही तीच वापरली. 2018 मध्ये ते गिटलॅबवर गेले, पण पद्धत तीच राहिली. प्रोग्राम अचानक बंद पडला तर लिहायचं: आवृत्ती कोणती, काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत "बॅकट्रेस" जोडायचा, म्हणजे बंद पडताना आत कोणतं काम कुठून कुठं गेलं याची यादी. थोडक्यात, पंचनामाच!

प्रत्येक तक्रारीला नंबर. कुणीही ती वाचू शकतो. माहिती अपुरी असेल तर तसं विचारतात. आणि बगझिलात तक्रार बंद करताना कारण नोंदवावं लागे: दुरुस्त झालं, आधीच नोंद आहे, आमच्याकडे नीट चालतंय, किंवा दुरुस्त करणार नाही. सगळ्या तक्रारी सुटतात असं नाही. काही वर्षानुवर्षं पडून राहतात. पण त्या पडून आहेत हे सगळ्या जगाला दिसतं!

आपल्याकडे 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. तरी तक्रार का बंद केली, हे कळायला वेगळा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट आणि तीस दिवस. असं का?

एवढंच करा. पुढच्या वेळी तक्रार देताना जागा, तारीख, फोटो आणि नेमकं काय बिघडलं ते लिहा. नंबर घ्या. "निकाली" असा मेसेज आला, की कारण लेखी मागा.

पटलं तर शेअर करा.