रावणाचं सोंग

तारापूरच्या एमआयडीसीत माझी २६ वर्षं गेली. शिफ्ट सुटली की बोईसरच्या खोलीवर येऊन कथा लिहायचो, अजूनही लिहितो. एका उन्हाळ्यात एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली. ती कारखान्यातल्या एका सुपरवायझरवर होती. त्याला उभा करायला मी माणसाला चार अक्षरांच्या १६ प्रकारांत बसवणारी स्वभावचाचणी त्याच्या वतीने सोडवली होती. चार अक्षरं हाती आली आणि कथाभर मी त्याला त्या अक्षरांबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. संपादकांनी समासात लिहिलं होतं : स्वभाव कळला, माणूस दिसला नाही.

त्याच उन्हाळ्यात पॅकिंगमधल्या एका सोबत्याने मोखाड्याकडच्या आपल्या गावी बोहाड्याला बोलावलं.

बोहाडा म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातला मुखवट्यांचा उत्सव. कुणी त्याला भवाडा म्हणतं, कुणी जगदंबेचा उत्सव. होळीनंतर वैशाखापर्यंत गावोगावी रात्री जागतात. आधी गणपती येतो, मग शारदा. पुढे त्राटिका, भीम, बकासुर, नरसिंह, रावण अशी सोंगं निघतात आणि पहाटे देवी महिषासुराला मारते. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. जव्हार तालुक्यातलं रामखिंड ते बनवण्यासाठी नावाजलेलं आहे. सोंगं घराघरांत वाटलेली असतात. रावण एका घरचा, नरसिंह दुसऱ्या घरचा, आणि सोंगाबरोबर त्याची चालही आज्याकडून नातवाकडे येते.

सोंगांसारखी माणसांचीही ठरावीक प्रकारांत वाटणी फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात उत्तम, मध्यम, अधम अशा तीन प्रकृती आहेत आणि नायक चार : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. वैद्यांनी वात, पित्त, कफ पाहिले. मानसशास्त्रज्ञ युंगचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक १९२१चं. मी ज्या चाचणीच्या नादी लागलो होतो, तिचा आधार तेच पुस्तक, पण ती घडली अमेरिकेतल्या एका मायलेकींच्या घरात. आई कॅथरिन ब्रिग्ज चरित्रं वाचून माणसांचे प्रकार लावत असे. मुलगी इझाबेल मायर्सने आधी एक रहस्यकादंबरी लिहिली, ती १९३०मध्ये पुस्तकरूपाने आली. चाचणीचं काम तिने त्यानंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाती घेतलं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आज नोकरभरतीच्या टेबलावर दिसणारी ही गोष्ट एका गोष्टी लिहिणाऱ्या बाईच्या हातची आहे.

बोहाड्याच्या रात्री मी सोंगं बांधतात तिथे जाऊन बसलो. माझा सोबती खात्यात दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. कुठल्याही चाचणीने त्याला अंतर्मुखाच्या रांगेत बसवला असता. त्याच्या घराकडे रावण होता. डोक्याला कापडाचे वेढे बसले, हनुवटीखालून गाठ आवळली, मग दहा तोंडांचा मुखवटा चढला. दोघांनी मागून आधार दिला. आत श्वास घेतल्याचा आवाज मला ऐकू येत होता. पलिते पुढे झाले, संबळ रावणाच्या चालीवर आला आणि माझा अबोल सोबती छाती काढून अंगणात उतरला.

लहानपणी झाडावरून पडल्यामुळे त्याचा डावा पाय जरा आखडतो. रावणाच्या चालीतही तो आखडलाच. माझ्या शेजारची एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "चाल आज्याचीच. पाय तेवढा याचा."

मला जे संपादकांच्या शेऱ्यावरून उमगलं नव्हतं, ते त्या बाईने सांगितलं. रावण कसा असतो हे साऱ्या गावाला पाठ आहे. लोक रात्रभर जागतात ते यंदा तो कुणाच्या अंगावर कसा बसलाय हे पाहायला. मुखवटा नसता तर तो पायही कुणाच्या नजरेत भरला नसता. म्हणून स्वभावाचे प्रकार मी टाकून दिले नाहीत. सुपरवायझरची चार अक्षरं तशीच ठेवली, हिशेबी, कडक, वेळेचा पक्का. फक्त पगाराच्या दिवशी तो बोईसर स्टेशनवर तासभर नुसता बसून राहतो, समोरून गाड्या जाऊ देतो, एवढं लिहिलं. तो का बसतो हे शोधता शोधता कथा पुरी झाली.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९मध्ये सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली आणि डोंगरातली पोरं किनाऱ्याकडे कामाला उतरू लागली. सोबती म्हणाला, रजा मिळाली नाही तर घरचं सोंग दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. बोहाडा मागे पडतोय असं नुसतं म्हणत बसण्यापेक्षा आमच्या कारखान्यांनी या पोरांना बोहाड्याच्या रात्रींची रजा द्यावी, एवढं तरी सहज होण्यासारखं आहे.

कथा लिहिणाऱ्यांनी एकदा तरी मनोर, विक्रमगडवरून जव्हारची वाट धरावी. मैदानात सगळेच बसतात. तुम्ही घरच्यांना विचारून, मुखवटे बांधतात तिथे बसा.

आमचा रावण बोहाडा संपला त्या सकाळी एसटीने बोईसरला आला आणि दुपारी सेकंड शिफ्टला खोक्यांना टेप लावत उभा होता. हनुवटीखाली गाठीचा वळ तसाच होता.