विश्वसनीयता सिद्धांत

विश्वसनीयता सिद्धांत : एखादा घटक किंवा अनेक घटकांची मिळून बनलेली प्रणाली विशिष्ट परिस्थितीत व विशिष्ट काळापर्यंत आपले नेमून दिलेले कार्य बिघाडाविना पार पाडील, याची संभाव्यता म्हणजे त्या घटकाची वा प्रणालीची विश्वसनीयता होय. ती ० ते १ यांमधील संख्येने दर्शवितात. व्याख्येतील काळ व परिस्थिती यांचा उल्लेख अनिवार्य आहे. ‘हा दिवा टिकाऊ आहे’ हे विधान मोघम ठरते. उलट ‘ठराविक विद्युत् दाबावर हा दिवा १,००० तास टिकण्याची संभाव्यता ०·९ आहे’ हे विधान पडताळून पाहता येते. एखादा दिवा नेमका केव्हा जाईल हे सांगता येत नाही. मात्र एकसारख्या हजारो दिव्यांपैकी किती दिवे किती तासांत जातील, याचा अंदाज बांधता येतो.

पूर्वपीठिका : आयुर्मानाचे गणित यंत्रांपूर्वी माणसांच्या बाबतीत रूढ झाले. एडमंड हॅली (१६५६–१७४२) या इंग्रज ज्योतिर्विदांनी ब्रेस्लौ (सध्याचे पोलंडमधील व्हरॉत्स्वाफ) या शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून १६९३ मध्ये मर्त्यता कोष्टक तयार केले आणि त्यावरून वर्षासनांचे मूल्य कसे काढावे हे दाखविले. पुढे विमाव्यवसायाने ही पद्धत विकसित केली. बालपणी मृत्यूचे प्रमाण अधिक, मध्यंतरी कमी व वार्धक्यात पुन्हा अधिक हा अनुभव यांत्रिक घटकांनाही लावण्यात आला. त्यावरून काढलेल्या आलेखाला न्हाणीच्या टबाच्या उभ्या छेदासारखा आकार येतो.

स्वीडिश अभियंते वालोडी वायबुल (१८८७–१९७९) यांनी १९३९ मध्ये पदार्थांच्या बलाविषयी सांख्यिकीय उपपत्ती मांडली व १९५१ मधील निबंधात तिचे वितरण फलन अनेक क्षेत्रांना लागू पडते असे दाखविले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत पोलादाच्या बलाबरोबरच भारतीय कापसाच्या तंतूंच्या बलाचाही समावेश होता. या वितरणातील आकारदर्शक प्रचल १ पेक्षा कमी असल्यास बिघाडाचा दर काळानुसार घटतो, १ असल्यास स्थिर राहतो व १ पेक्षा अधिक असल्यास वाढतो.

गुणाकाराचा नियम : साखळीचे बल तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढे असते, या समजुतीवर अभियंते दीर्घकाळ विसंबून होते. मात्र ज्या प्रणालीत कोणताही एक घटक निकामी होताच सारे कार्य थांबते, तिची विश्वसनीयता सर्व घटकांच्या विश्वसनीयतांच्या गुणाकाराएवढी असते आणि म्हणून ती सर्वांत दुबळ्या घटकापेक्षाही कमी भरते. हा नियम दुसऱ्या महायुद्धातील जर्मन व्ही-१ अस्त्राच्या विकासकार्यात असलेले अभियंते रॉबर्ट लूसर यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येकी ०·९९ विश्वसनीयतेचे १०० घटक जोडल्यास प्रणालीची विश्वसनीयता केवळ ०·३७ उरते. १९४६ मध्ये प्रकाशात आलेल्या एनिॲक या अमेरिकन संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रातील प्रत्येक नलिका एक दिवस टिकण्याची संभाव्यता ०·९९९९ धरली, तरी दिवसभरात एकही नलिका न जाण्याची संभाव्यता ०·१७ हून कमीच येते.

आयुर्मानाची चाचणी : लष्करी इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील वारंवारच्या बिघाडांमुळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५२ मध्ये एक सल्लागार गट नेमला. विश्वसनीयतेची अट संख्येत नमूद करावी व ती चाचणीने सिद्ध करून घ्यावी, अशी शिफारस त्याने १९५७ मध्ये केली. दरम्यान बेंजामिन एप्स्टाइन व मिल्टन सोबेल यांनी १९५३ मध्ये, सर्व नमुने निकामी होईपर्यंत न थांबता ठराविक संख्येचे बिघाड होताच चाचणी संपवून अनुमान कसे काढावे, हे दाखविले. बिघाडाचा दर स्थिर असल्यास सर्व नमुन्यांच्या एकूण कार्यतासांना बिघाडांच्या संख्येने भागल्यास सरासरी आयुर्मान मिळते. सरासरी आयुर्मान म्हणजे हमीचे आयुष्य नव्हे. या प्रकारात सरासरी १,००० तास असल्यास तेवढा काळ सुमारे ३७ टक्के घटकच टिकतात.

१९५६ मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या अटलांटिकपार दूरध्वनी केबलीत समुद्रतळावरील विवर्धकांत एकूण ३०६ निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एकही २० वर्षांत न बिघडण्याची संभाव्यता ०·९ हवी असल्यास, दर १०,००० नलिकांमागे तेवढ्या काळात तीन-चारच नलिका निकामी झालेल्या चालतील. ही केबल १९७८ पर्यंत सेवेत होती.

राखीव घटक : अविश्वसनीय घटकांपासून विश्वसनीय प्रणाली बनविता येते, हे जॉन फोन नॉयमान यांनी, तसेच एडवर्ड मूर व क्लॉड शॅनन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सिद्ध केले. ०·९ विश्वसनीयतेचे दोन घटक समांतर जोडल्यास विश्वसनीयता ०·९९ होते. मात्र दोघांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत.

मर्यादा : स्वातंत्र्याचे हे गृहीतक ढळल्यास काय होते, हे २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या अपघातात दिसून आले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कड्याला दुसऱ्या कड्याचा आधार होता. परंतु कडाक्याच्या थंडीचा परिणाम दोन्ही कड्यांवर झाला व यानातील सातही जणांचा अंत झाला. चौकशी आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन (१९१८–८८) यांना असे आढळले की, यान गमावण्याची संभाव्यता अभियंते सुमारे शंभरात एक मानीत होते, तर व्यवस्थापक लाखात एक. लाखात एक याचा अर्थ, रोज एक उड्डाण केल्यास सुमारे २७४ वर्षांत एक अपघात. प्रत्यक्षात २०११ पर्यंतच्या १३५ उड्डाणांत १९८६ व २००३ मध्ये दोन याने नष्ट झाली.

न्हाणीच्या टबाचा आलेखही सर्वत्र लागू पडत नाही. एफ. स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांच्या १९७८ मधील अहवालानुसार विमानांच्या घटकांपैकी केवळ ४ टक्के घटकांत तो आढळला, तर ८९ टक्के घटकांत वयानुसार झिजेचा टप्पा दिसलाच नाही. अशा घटकांच्या बाबतीत ठराविक मुदतीनंतर सुस्थितीतील भाग बदलल्याने लाभ होत नाही. उलट नव्या भागातील सुरुवातीच्या दोषांचा धोका पत्करावा लागतो. म्हणून मुदतीपेक्षा घटकाच्या प्रत्यक्ष स्थितीवर आधारित देखभालीस महत्त्व आले. विश्वसनीयतेचा आकडा ज्या नोंदींवर व गृहीतकांवर उभा असतो, त्यांच्याइतकाच तो ग्राह्य ठरतो.