थांबविलेले वय

आजच्या विषयावर बोलावयाचे तर पहिली अडचण शब्दाची येते. ‘लिंग’ हा एकच शब्द आपण शरीरालाही लावतो आणि व्याकरणालाही. इंग्रजीत ‘जेंडर’ हा शब्द फार काळ मुख्यतः व्याकरणकारांचाच होता. १९५५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी तो उचलला आणि माणसाला लावला. ज्यांची शरीरलक्षणे जन्मतःच संदिग्ध असत अशा मुलांचा ते अभ्यास करीत होते. पुढे १९६४ मध्ये रॉबर्ट स्टोलर यांनी त्यात भर घातली : मनुष्य स्वतःला आतून पुरुष समजतो की स्त्री, ही त्याची लिंगओळख. शरीर एक सांगते आणि मन दुसरेच, ह्या विसंगतीतून होणाऱ्या क्लेशाला आज डॉक्टर लिंगअस्वास्थ्य म्हणतात. मराठीने ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी ठेवला आहे, ही आज माझी मोठीच सोय आहे.

मनी यांचा सिद्धांत असा होता, की लिंगभाव संगोपनाने घडतो. कॅनडातील विनिपेग येथील एका अपघातग्रस्त मुलाला त्या सिद्धांतानुसार मुलगी म्हणून वाढविण्यात आले आणि प्रयोग यशस्वी झाल्याचे अहवाल वर्षानुवर्षे निघत राहिले. तो सपशेल फसला होता हे शास्त्रीय जगाला नीट कळले ते १९९७ मध्ये. ती कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे. येथे एवढेच ध्यानात ठेवावे, की उपचार करणे एक आणि त्या मुलाचे पुढे काय झाले हे प्रामाणिकपणे पाहत राहणे दुसरे.

आता हॉलंडकडे वळू. पेगी कोहेन-केटेनिस ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये उट्रेख्ट येथे अशा मुलांसाठी केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य अ‍ॅम्स्टरडॅमला गेले. त्यांच्यापुढचा प्रश्न बिकट होता. प्रौढ माणसे उपचारासाठी येत तेव्हा आवाज, दाढी, स्तन, उंची हे सारे निसर्गाने ठरवून टाकलेले असे. म्हणून वयात येण्याच्या उंबरठ्यावरच मुलाला थांबविता आले तर? औषध उपलब्ध होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून जननग्रंथींना जाणारा इशारा ते बंद पाडते. अकाली वयात येणाऱ्या चिमुकल्या मुलींना ते देत, तसेच पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग झालेल्या वृद्धांनाही. डच डॉक्टरांनी ते नव्या कामाला लावले. कल्पना अशी, की घड्याळ थांबवावे, मुलाला विचाराला अवकाश द्यावा, आणि मग निर्णय घ्यावा.

हे त्यांनी उतावीळपणे केले नाही. क्लेश बालपणापासून असला पाहिजे, तो वयात येताना वाढलेला असला पाहिजे, दुसरा गंभीर मनोविकार नसावा, घरच्यांचा आधार असावा, अशा अटी होत्या. रोधक औषध बाराव्या वर्षानंतर, संप्रेरके सोळाव्यानंतर, शस्त्रक्रिया अठरानंतर. पहिल्या मुलाची हकीकत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलगी म्हणून जन्मलेले हे मूल पुरुष झाले. उपचार सुरू झाल्यापासून बावीस वर्षांनी, वयाच्या पस्तिशीत, त्याची पुन्हा तपासणी झाली : प्रकृती ठीक, पश्चात्ताप नाही. २०१४ मध्ये ५५ तरुणांचा अहवाल आला. त्यांची मनःस्थिती समवयस्कांइतकीच चांगली आढळली. मात्र मूळच्या गटातील एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाने दगावला होता, आणि तेही त्या अहवालात नमूद आहे. मला ह्या प्रांजळपणाचे मोल वाटते.

लंडनमध्ये दोमेनिको दि चेल्ये यांनी १९८९ मध्ये मुलांसाठी असेच केंद्र काढले. पुढे ते टॅव्हिस्टॉक ह्या प्रसिद्ध मानसोपचार संस्थेचा भाग झाले. तेथे भर संभाषणावर होता. डच पद्धतीने काही मिळते का, हे पाहण्यासाठी २०११ ते २०१४ ह्या काळात बारा ते पंधरा वर्षांच्या ४४ मुलांना रोधक औषध देण्यात आले. पण निष्कर्ष हाती येण्याआधीच, २०१४ पासून, ते अभ्यासाबाहेरच्या मुलांनाही मिळू लागले. निष्कर्ष छापून आले २०२१ मध्ये : मुलांच्या मनःस्थितीत मोजण्याजोगा फरक नाही, आणि ४४ पैकी ४३ मुले पुढे संप्रेरकांकडे गेली. विचाराला अवकाश म्हणून जे दिले ते बहुतेकांच्या बाबतीत पहिले पाऊलच ठरले, असे टीकाकार म्हणाले. निवड अचूक होती म्हणूनच मुले पुढे गेली, असे उत्तर आले. दोन्ही वाचने त्याच आकड्यातून निघतात, ही ह्या वादाची खरी पंचाईत आहे.

दरम्यान येणारी मुलेच बदलली. लंडनच्या केंद्राकडे २०११-१२ मध्ये सुमारे २५० मुले पाठविली गेली. २०२१-२२ मध्ये पाच हजारांवर. पूर्वी बालपणापासून त्रास असलेले मुलगे अधिक असत. आता किशोरवयात प्रथमच क्लेश सांगणाऱ्या मुली बहुसंख्य झाल्या, आणि अनेकींना नैराश्य किंवा स्वमग्नताही होती. डच पुरावा ह्या मुलांना लागू पडतो का, ही शंका अ‍ॅम्स्टरडॅमच्याच डॉक्टरांनी २०२० मध्ये लेखी मांडली. त्याच वर्षी फिनलंडने आणि २०२२ मध्ये स्वीडनने हात आखडता घेतला.

इंग्लंडात प्रकरण न्यायालयात गेले. सोळा वर्षांखालचे समजदार मूल उपचाराला स्वतः संमती देऊ शकते, हे तेथे १९८५ पासून ठरलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालय म्हणाले, की ह्या औषधाचे परिणाम तेरा वर्षांखालचे मूल समजू शकेल हे फारच असंभाव्य. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. हे ठरविणे डॉक्टरांचे काम, न्यायाधीशांचे नव्हे.

हिलरी कॅस ह्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे चौकशी सोपविली होती. त्यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. यॉर्क विद्यापीठाने रोधक औषधांवरील ५० अभ्यास तपासले. उच्च दर्जाचा एकच निघाला. हाडांची भरण मंदावते, हेही दिसले. प्रतिपक्षाचे म्हणणे उपेक्षणीय नाही. येथे आंधळी चाचणी घेता येत नाही, कारण औषध मिळाले की नाही हे शरीरच सांगते. आणि मुलांवरील कितीतरी उपचार अशाच मध्यम पुराव्यावर चालतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आपली उपचारानुकूल भूमिका कायम ठेवली होती. उलट वीसहून अधिक राज्यांनी हे उपचार कायद्याने रोखले, आणि टेनेसीचा तसा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. ज्या प्रश्नाचे उत्तर रुग्णांच्या वहीत शोधावयाचे, ते मतपेटीत शोधले जाऊ लागले.

आणि वही तर होती! लंडनच्या केंद्रातून गेलेली सुमारे नऊ हजार मुले आता मोठी झाली होती. त्यांचे पुढे काय झाले हे जुळवून पाहावे, असे कॅस बाईंनी योजिले. गोपनीयतेची अडचण दूर व्हावी म्हणून २०२२ मध्ये सरकारने खास आदेश काढला. तरी प्रौढांच्या सात केंद्रांपैकी सहांनी नकार दिला. त्यांनी नैतिक हरकती सांगितल्या, रुग्णांच्या संमतीचा प्रश्न काढला. ते मुद्दे पोकळ नव्हते. पण अहवालानंतर ओरड झाली तेव्हा तीच केंद्रे माहिती द्यावयास तयार झाली. औषध देणारे आणि ते बंद करा म्हणणारे, दोघांनाही ज्याची सर्वाधिक गरज होती ते ज्ञान कपाटात पडून राहिले, हा दोष मला औषधाच्या दोषाहून मोठा वाटतो.

जुने केंद्र मार्च २०२४ अखेर बंद झाले. त्याच वर्षी मेमध्ये सरकारने ह्या कारणासाठी नव्याने रोधक औषध देण्यावर तात्पुरती बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये ती बेमुदत केली. कॅस बाईंनी मात्र बंदी नव्हे तर रीतसर चाचणी सुचविली होती. अकाली वयात येणाऱ्या मुलांना तेच औषध पूर्वीप्रमाणे मिळत राहिले. बदली केंद्रे लंडनमध्ये आणि उत्तरेत उघडली, पण प्रतीक्षायादीवर तेव्हा पाच हजारांहून अधिक मुले होती आणि पहिल्या भेटीलाच दोन वर्षांहून अधिक काळ लागत असे. बाराव्या वर्षी यादीत गेलेले मूल बोलावणे येईपर्यंत पंधराव्या वर्षाकडे झुकलेले असे. दोन्ही पक्ष ज्या वयावर भांडत होते, ते वय तोवर निघून गेलेले असे.