कायदा नसलेलं प्राधिकरण : खेळाच्या राष्ट्रीय मंडळाची ७१ वर्षं



आज माझ्या सिनॉप्सिसमधली एक चूक सांगते. पेट पास होऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात, की तुमच्याही हातून ती होऊ शकते.

मी मूळची एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीची. आता काम करतेय ते भारतातल्या क्रीडाविज्ञान संस्थांच्या इतिहासावर. पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, "भारतीय क्रीडा प्राधिकरण कायदा, १९८४ अन्वये ही संस्था स्थापन झाली." गाईड मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि एवढंच म्हणाल्या, "हा कायदा मला आणून दाखव."

आठवडाभर शोधला. सापडला नाही. सापडणार कुठून? असा कायदा कधी झालाच नव्हता.

भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला 'साई' म्हणतो, ती १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली एक सोसायटी आहे. तुमच्या गावातलं वाचनालय किंवा तालीम मंडळ ज्या कायद्याखाली नोंदलेलं असतं, त्याच कायद्याखाली. 'प्राधिकरण' हा शब्द वाचून मी कायदा गृहीत धरला. मग प्रश्न पडला : एवढ्या मोठ्या देशात खेळ चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला इतकी वर्षं कायदा का नव्हता? उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

खेळ मुळात सरकारचा नव्हताच

आपल्याकडे ऑलिम्पिकची सुरुवात सरकारी कचेरीत झाली नाही, पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झाली. तिथल्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना (आयओए) उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्षही दोराबजीच. म्हणजे खेळाच्या संघटना आधी आल्या, त्याही खासगी आणि स्वयंसेवी. स्वतंत्र भारताचं सरकार नंतर आलं.

मग संविधान आलं. सातवी अनुसूची काढा, राज्यसूचीतली नोंद ३३ वाचा. नाट्यगृहं, नाट्यप्रयोग, सिनेमा यांच्याच ओळीत 'खेळ, करमणूक व मनोरंजन' बसलेलं आहे. आणि लगेच पुढची नोंद ३४ आहे सट्टा आणि जुगाराची! थोडक्यात, खेळ हा करमणुकीचा, म्हणून राज्यांचा विषय. देशभरासाठी खेळाचा कायदा करायचा तर संसदेला तो अधिकार आहे का, ही शंका तिथूनच सुरू होते.

याचा फटका खेळाडूला कसा बसत होता ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशावर. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी आणलं, पण त्यांना पाठवायची जबाबदारी नक्की कोणाची, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

मंडळं आली, कायदा नाही

१९५४ साली केंद्राने अखिल भारतीय क्रीडा परिषद नेमली. नाव भारदस्त, पण काम सल्ला देण्याचं. १९६१ साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, ती प्रशिक्षक घडवण्यासाठी. १९८२च्या दिल्ली एशियाडसाठी मोठमोठी स्टेडियम उभी राहिली, आणि ती सांभाळायची कोणी या गरजेतून १९८४ साली साई जन्माला आली. १९८७ साली पतियाळाची संस्थाही तिच्यात आली.

या यादीत एक गोष्ट समान आहे. परिषद, संस्था, प्राधिकरण अशी नावं बदलत गेली, पण एकीच्याही मागे संसदेचा कायदा नव्हता. साई स्टेडियम चालवू शकत होती, शिबिरं घेऊ शकत होती, प्रशिक्षक नेमू शकत होती. एखाद्या खेळाच्या महासंघाचा कारभार बिघडला, तर त्याला जाब विचारण्याचा कायदेशीर अधिकार मात्र तिच्याकडे नव्हता. खेळाचा विकास आणि खेळाचं नियमन ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

अनुदानाचा लगाम

मग सरकार महासंघांना आवरायचं कसं? मान्यता आणि अनुदान, ही दोनच साधनं. १९७५ साली सरकारने महासंघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळावर मर्यादा होती. पुढे सूचना बदलत गेल्या आणि २०११ साली सगळ्या एकत्र करून राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता आली. वयाची मर्यादा ७० वर्षं, अध्यक्षाला जास्तीत जास्त १२ वर्षं. नियम चांगले होते, पण दर्जा कार्यकारी आदेशाचा. म्हणून महासंघ कोर्टात जाऊन म्हणायचे, "हा कायदा थोडाच आहे?"

कायदा करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८८ साली खेळ समवर्ती सूचीत आणण्यासाठी घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, पुढे ते मागे घ्यावं लागलं. २०११ साली क्रीडामंत्री अजय माकन यांनी राष्ट्रीय क्रीडा विकास विधेयक मंत्रिमंडळासमोर नेलं, ते तिथेच अडलं. त्या वेळी काही मंत्री स्वतःच क्रीडा संघटनांच्या खुर्चीवर होते, ही बाब लक्षात ठेवा.

दरम्यान २०११च्या संहितेत सरकारने एक वेगळी वाट दाखवली होती. राज्यापुरता खेळ राज्यसूचीत असेल, पण भारताच्या नावाने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणं हा परराष्ट्र संबंधांचा आणि आंतरराष्ट्रीय संघटनांमधल्या सहभागाचा विषय, म्हणजे केंद्रसूचीतल्या नोंद १० आणि १३चा. घटनादुरुस्ती न करताही संसदेला कायदा करता येईल, असा याचा अर्थ.

दुसरी अडचण बाहेरची. डिसेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आयओएला निलंबित केलं. निवडणूक सरकारच्या संहितेप्रमाणे घेणं म्हणजे सरकारी हस्तक्षेप, असं तिचं म्हणणं. फेब्रुवारी २०१४मध्ये सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला आपले तीन खेळाडू तिरंग्याविना, ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. स्पर्धा चालू असताना निलंबन उठलं, म्हणून निदान समारोपाला तिरंगा दिसला. ऑगस्ट २०२२मध्ये फिफानेही भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. ते अकरा-बारा दिवसांत उठलं नसतं, तर ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झालेला १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा गेला असता. भांडण खुर्च्यांचं, पण मैदानाबाहेर बसायची वेळ येणार होती पोरींवर.

२०२५ : अखेर कायदा

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक २३ जुलै २०२५ला लोकसभेत मांडलं गेलं. ११ ऑगस्टला लोकसभेत, १२ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं आणि १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात तीन नव्या यंत्रणा आहेत : महासंघांना मान्यता देणारं राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवणारं राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेख करणारं निवडणूक पॅनल. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यात किमान ४ महिला आणि किमान २ नामवंत खेळाडू हवेत.

निवडणुका न घेणाऱ्या किंवा हिशेब प्रसिद्ध न करणाऱ्या महासंघावर मंडळ कारवाई करू शकतं, मात्र त्याआधी संबंधित आंतरराष्ट्रीय महासंघाशी सल्लामसलत करायची. २०१२ आणि २०२२चे धडे या कलमात दिसतात.

म्हणजे सगळं आलबेल? नाही. मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारच करणार. ७० ते ७५ वयाच्या उमेदवारांना, आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम परवानगी देत असतील तर, वाट मोकळी आहे. माहिती अधिकार लागू होतो तो सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरता, त्यामुळे क्रिकेट मंडळासारखी अनुदान न घेणारी श्रीमंत संघटना या तरतुदीबाहेर राहते. मनमानी महासंघाची होती ती सरकारची होणार का, हा प्रश्न उरतोच. फरक एवढाच, की आता भांडायला कलमं आहेत. पूर्वी पत्रं आणि परिपत्रकं होती.

तुमच्यासाठी

माझ्या विषयाच्या जवळचं एक उदाहरण देऊन थांबते. उत्तेजकविरोधी चाचण्या करणारी 'नाडा' २००५ साली सोसायटी म्हणून स्थापन झाली. तिला वैधानिक दर्जा मिळाला तो २०२२च्या कायद्याने. नाव तेच, काम तेच, पण २०१६च्या नाडाबद्दल लिहिताना आणि आजच्या नाडाबद्दल लिहिताना तुमचं वाक्य सारखं असू शकत नाही.

म्हणून कुठल्याही संस्थेचा इतिहास लिहायला घेतलात, तर स्थापनेच्या वर्षाशेजारी आणखी एक रकाना आखा : ही संस्था कशाच्या आधारावर उभी आहे? कायदा, शासन निर्णय, सोसायटीची नोंदणी, की नुसतं परिपत्रक? मूळ दस्तऐवज समोर ठेवूनच तो रकाना भरा, संस्थेच्या नावावरून नको.

माझ्या सिनॉप्सिसमधली ती ओळ आता अशी आहे : "१९८४ साली नोंदणीकृत सोसायटी म्हणून स्थापन झालेली." मॅडमनी यावेळी रेघ ओढली नाही.